घास कोणी भरवायचा?

घोडपदेवच्या या व्याख्यानमालेत रुग्णाच्या आहारावर बोलण्याचे आम्ही कबूल केले, तेव्हा आमच्याच सहकाऱ्यांनी विचारले की, कामगार चळवळीतल्या माणसाचा या विषयाशी संबंध काय? आम्ही डॉक्टर नव्हे, हे खरे. परंतु रुग्णाला घास भरवणारा हात कामगाराचा असतो. म्हणून हा विषय आमचाही आहे.

सध्या दोन वस्तूंचा फार बोलबाला आहे : वजन उतरवणारे इंजेक्शन आणि पुष्टी देणारी पावडर. टिरझेपटाइड हे औषध 'मौंजारो' या नावाने मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड 'वेगोव्ही' या नावाने जून २०२५ मध्ये आपल्या देशात आले. आठवड्यातून एकदा टोचायचे. त्याने भूक मंदावते आणि जठरातले अन्न सावकाश पुढे सरकते. अतिस्थूल माणसाला त्याचा खरा उपयोग होतो. त्याची टवाळी करण्याचे कारण नाही. परंतु उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. सत्तरीच्या बाईचे स्नायू झडले की ती मोरीकडे जाताना पडते. डॉक्टरांची भेट महिन्याने होते. ताटात अर्धी भाकरी उरली, दोनदा ओकारी झाली, हे पाहते ती परिचारिका किंवा आया.

आता पावडरीचे पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली, स्नायू कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा, असा सल्ला दिला. निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे ५० किलोच्या माणसाला ४० ते ४२ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम शेंगदाण्यांत २५ च्या आसपास. गिळता न येणाऱ्या किंवा जखम न भरणाऱ्या रुग्णाला डॉक्टरांनी पावडर सांगितली, तर ती द्यावीच. मूत्रपिंड अधू असलेल्याला मात्र तीच बाधू शकते. पण भरवायला माणूस नाही म्हणून दोन चमचे पावडर ढवळून रुग्णापुढे ठेवली जाते, तेव्हा ती औषध राहत नाही. माणसांच्या टंचाईवर घातलेले ते पांघरूण असते.

येथून जवळच शिवडीचे क्षयरोग रुग्णालय आहे. क्षयात वजन उतरते, त्याला इंजेक्शन लागत नाही. झारखंडात २०१९ ते २०२२ या काळात क्षयरुग्णांच्या घरच्यांनाही माणशी दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देऊन पाहिल्या. निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. केवळ रुग्णालाच शिधा मिळालेल्या घरांपेक्षा या घरांत नवा क्षय सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला. गोळ्या होत्याच, पण त्या डाळभाताच्या सोबतीला होत्या. त्याच्या बदली नव्हत्या.

आता थोडा हिशेब करू. एका वृद्धाला नीट जेवू घालायला २० मिनिटे धरा. वॉर्डात असे दहा जण असले, तर २०० मिनिटे झाली. एका जेवणाला सव्वातीन तासांहून अधिक. एकटी परिचारिका हा वेळ कोठून आणणार?

आणि घरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या आमच्या चाळींतल्या मावश्या? ब्युरोमार्फत बारा बारा तासांची पाळी करणारी एक मावशी आमच्या बैठकीत म्हणाली, "दादा, पेशंटच्या पावडरीचा चमचा चमचा मोजून घेतात. मी दुपारी काय खाल्लं, ते कुणी विचारत नाही." त्या दिवशी तिच्या डब्यात चपाती आणि लोणचे होते. रुग्णाला उचलून बसवणारे स्नायू काय लोणच्यावर टिकतात?

म्हणून आमच्या मागण्या तीन. प्रत्येक रुग्णाचे वजन आणि ताटात उरलेले अन्न यांची नोंद व्हावी, आणि ती करणाऱ्या परिचारिकेचे म्हणणे डॉक्टरांनी ऐकावे. घास भरवण्याचा वेळ काम म्हणून धरून त्या हिशेबाने माणसे नेमावीत. आणि सेवा करणाऱ्या बाईला पाळीत अर्धा तास विश्रांती व पोटभर जेवण हक्काने मिळावे.

पावडर दुकानात मिळते, इंजेक्शन चिठ्ठीवर मिळते. शेजारी बसून, "अजून एक घास घ्या आजोबा," म्हणणारे माणूस मात्र पगार देऊनच नेमावे लागते, आणि त्यालाही जेवावे लागते.