हरवलेले प्रकरण



संगणकावर ग्रंथ जुळविताना त्यातील एखादे प्रकरण नाहीसे होते आणि त्याची चाहूलही लागत नाही, असे पूर्वी कोणी सांगितले असते तर ते मी हसण्यावारी नेले असते. मागील वर्षी आमच्या शाळेच्या स्मरणग्रंथाची जुळणी मजकडे आली, तेव्हा हे प्रत्यक्ष घडले.

या कामी मी ‘लाटेक’ वापरले. डोनाल्ड क्नूथ यांनी 1978 साली सिद्ध केलेल्या ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ते उभारले. यात प्रत्येक प्रकरणाची फाइल निराळी ठेवता येते. मुख्य फाइलीत, अमुक प्रकरण येथे आणावे, एवढ्याच आज्ञा असतात.

आमची प्रकरणे 12. त्यांतील सातवे एका वयोवृद्ध गुरुजींचे. कच्ची प्रत निघाली. गुरुजींनी ती चाळली, चष्मा काढला आणि शांतपणे विचारले, “बाई, माझे प्रकरण वगळलेत काय?”

मी ओशाळले. प्रकरणांना क्रमांक देण्याचे काम प्रणालीच करते. म्हणून आठव्यास सातवा क्रमांक मिळाला होता. अनुक्रमणिकाही तशीच बनली होती. पोकळी कोठेच दिसत नव्हती.

दोष माझाच होता. गुरुजींच्या प्रकरणात छायाचित्रे पुष्कळ, म्हणून त्यास मी स्वतंत्र फोल्डर दिला. मुख्य फाइलीत मात्र फाइलीचे नुसते नाव राहिले. प्रणाली प्रथम पाहते ती, जेथून आपण काम सुरू केले त्याच फोल्डरात. तेथे न मिळाल्यास स्वतःच्या ठरलेल्या जागी शोधते; आपल्या उपफोल्डरांत ती आपण होऊन डोकावत नाही. ‘इनपुट’ या आज्ञेस फाइल सापडली नाही, तर काम अडते. ‘इन्क्लूड’ मात्र ‘फाइल नाही’ एवढी नोंद करून पुढे जाते. मी हीच आज्ञा दिली होती.

वाट दुरुस्त केली, तर छायाचित्रे अडली! वर्गात आपण मुलाला म्हणतो, ‘समोरच्या कपाटातून वही आण.’ समोरचे म्हणजे कोणते, हे तो कोठे उभा आहे यावर ठरते. तद्वत् प्रकरणात लिहिलेली वाटही त्या प्रकरणाच्या फोल्डरापासून मोजली जात नाही. काम जेथून सुरू झाले तेथूनच ती मोजली जाते.

तेव्हापासून मी काही नेम पाळते. काम सदैव मुख्य फोल्डरातून सुरू करावे. प्रत्येक वाट तेथूनच लिहावी. एकाच नावाच्या दोन फाइली ठेवू नयेत. कारण जी आधी सापडेल तीच छापली जाते, मग ती जुनी का असेना. जुळणीनंतरची नोंदवही वाचावी. आणि शेवटी, सहलीहून परतताना मुले मोजतो तशी प्रकरणे मोजावीत.

गुरुजींचे प्रकरण पुन्हा सातवे झाले. नवी प्रत त्यांच्या घरी मी स्वतः नेऊन दिली.