पेटी कुणाची, माशा कुणाच्या?

(महिला मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून छापत आहोत.)



मधपेट्यांविषयी बोलायला मी उभी आहे, तेव्हा सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकते. ‘भगिनींनो, मधमाशीसारख्या कष्टाळू व्हा’ असे मी म्हणणार नाही. आमच्या गावात पेट्या वाटपाचा कार्यक्रम झाला, त्या दिवशी व्यासपीठावरच्या तीन पाहुण्यांनी हेच सांगितले. समोर बसलेल्या बायका पहाटे उठून, भाकऱ्या थापून, पाणी भरून, शेण काढून आल्या होत्या. कष्ट शिकायला त्यांना माशीकडे जायची गरज नव्हती. मला बोलायचे आहे ते आमच्या पहिल्या हंगामाबद्दल, त्यात झालेल्या चुकांबद्दल आणि पेट्या निरोगी ठेवताना आम्हाला काय काय दिसले त्याबद्दल.

आमचा भाग जावळी खोऱ्यातला. महाबळेश्वर फार लांब नाही. तिथे खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. महाबळेश्वरजवळचे मांघर हे गाव २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. म्हणजे ज्ञान जवळच होते, ते बायकांपर्यंत आणायचे होते. मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलेले, अहवाल लिहायची सवय असलेली. प्रस्तावात मी लिहिले, ‘महिलांना घरबसल्या करता येण्याजोगा जोडधंदा’. हे वाक्य माझी पहिली चूक होती, ते पुढे येईलच.

गटातल्या अकरा जणींनी मिळून दहा पेट्या घेतल्या. एका घरात सासू-सुनेत मिळून एक. माशा सातेरी, म्हणजे आपल्या डोंगरातल्याच. अर्जाबरोबर सातबारा मागितला, कुटुंबप्रमुखाचे नाव मागितले. दहापैकी सात पेट्या नवऱ्यांच्या नावावर लागल्या. उरलेल्या तिघींत दोघी विधवा होत्या, आणि एकीचे नाव सातबाऱ्यावर होते. शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवून बायकांची नावे सातबाऱ्यावर लावायला लावली, त्याला तीस वर्षे होऊन गेली. आमच्या गटात त्यातले एकच नाव पोचलेले दिसले. मी मात्र त्या दिवशी घाईत होते. ‘नाव कुणाचे का असेना, काम तर तुम्हीच करणार’ असे म्हणून मी कागद पुढे सरकवले.

पाच दिवसांचे प्रशिक्षण झाले. पेटी उघडायला शिकलो. खालच्या कोठीत अंडी-पिल्ले, वरच्या कोठीत मध. पेटीच्या मागे किंवा बाजूला उभे राहायचे, दाराच्या समोर नाही. धूर थोडाच द्यायचा. चौकट हलक्या हाताने सरळ वर उचलायची. पाहायचे काय, तर चार गोष्टी. ताजी अंडी आहेत का? ती दिसली तर राणी शोधत बसायला नको. पिल्ले पांढरी, टवटवीत आहेत का? मध आणि पराग पुरेसा आहे का? आणि राणीला अंडी घालायला जागा आहे का? एवढे पाहून पेटी बंद.

राणी म्हटले की बायका हसायच्या. ‘हिचं बरं हाय, सगळं हातात मिळतंय.’ खरे म्हणजे राणी राज्य करत नाही. ती अंडी घालते. नवी राणी कधी वाढवायची, जुनीला कधी बाजूला सारायचे, हे कामकरी माशांच्या हालचालींवर ठरते, आणि त्या सगळ्या माद्या. गंमत अशी की युरोपात कित्येक शतके या राणीला ‘राजा’च समजत. एवढ्या मोठ्या घराचा प्रमुख पुरुषच असणार, हे गृहीत. सतराव्या शतकात हॉलंडच्या स्वामर्डाम यांनी त्या ‘राजा’ची चिरफाड करून आत अंडाशय दाखवले. ही गोष्ट मी सांगितल्यावर एक आजी म्हणाल्या, “म्हंजे तिथंबी कुटुंबप्रमुख चुकीचाच लिवला हुता.”

आता ‘घरबसल्या’ या शब्दाकडे येते. पेटी उघडायची ती ऊन पडल्यावर, माशा कामाला बाहेर गेलेल्या असताना. सकाळी दहा-अकराची वेळ चांगली. रात्री, पावसात, गार वाऱ्यात उघडू नये. पिल्लांना गारठा लागतो आणि माशाही चिडतात. पण दहा वाजता बाई कुठे असते? मजुरीवर, नाहीतर स्वतःच्या रानात. तिला मोकळा वेळ मिळतो तो रात्री भांडी झाल्यावर. म्हणजे आठवड्यातून एकदा, दिवसाउजेडी, तासभर वेळ तिला घरात भांडून मिळवावा लागला. एका वहिनींनी सासऱ्यांना सांगितले, “बुधवारी दहाला मी पेटीपाशी असते. त्या वेळेला चहा मागू नका.” ऐकायला एवढेसे वाटते. लग्नाला चौदा वर्षे झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा स्वतःची वेळ सांगितली होती.

पहिली पेटी गेली ती माझ्यामुळे. मला उत्साह फार. माझ्या देखरेखीखालची पेटी मी एक दिवसाआड उघडायची. राणी दिसली की समाधान. डिसेंबरात एक दिवस गेले तर पेटी रिकामी. सातेरी माशी मानी आहे. फार त्रास झाला, अन्न संपले, मुंग्या-किड्यांनी छळले, तर ती सगळे घर सोडून निघून जाते. वारंवार पाहणे म्हणजे काळजी घेणे नव्हे, हे मी एक वसाहत गमावून शिकले. हंगामात आठ-दहा दिवसांतून एकदा पुरे. मधल्या काळात बाहेरूनच पाहायचे. दारातून माशा पराग घेऊन आत जाताहेत का? तळपाटावर कचरा, मेलेली पिल्ले पडली आहेत का? पेटीच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी आहे का? ते आटले की मुंग्यांना वाट मोकळी.

फेब्रुवारीत आजार आला. थाई सॅकब्रूड नावाचा विषाणू आहे. १९९१-९२ साली त्याने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर मारल्या, कितीतरी घरांचा हा धंदाच बसला. त्यात पिल्लू कोषात जायच्या आधी मरते. घरात उताणे पडलेले, डोके होडीच्या टोकासारखे वर आलेले. काडीने उचलले तर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखे बाहेर येते. त्यावर औषध नाही. आजारी पेटीच्या चौकटी दुसऱ्या पेटीत घालायच्या नाहीत, हत्यारे आणि हात धुतल्याशिवाय दुसरी पेटी उघडायची नाही, राणीला काही दिवस पिंजऱ्यात ठेवून अंडी थांबवायची म्हणजे रोगाला नवी पिल्ले मिळत नाहीत, आणि वसाहत सशक्त ठेवायची. एवढेच आपल्या हातात.

हे सगळे आम्हाला शिकवले होते. तरीही रोग तीन पेट्यांत पोचला, कारण जिची पेटी आधी आजारी पडली तिने ते दहा दिवस कुणाला सांगितलेच नाही. तिने मेलेली पिल्ले गुपचूप काढून पुरली. त्याच दिवसांत तिच्या पेटीतल्या दोन चौकटी शेजारणीच्या दुबळ्या पेटीला दिल्या गेल्या. तिसऱ्या पेटीला तेच हात, तीच हत्यारे लागली.

बैठकीत सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या. मीही रागावले. ती खाली मान घालून बसली होती. मग हळूच म्हणाली, “ताई, बाईचं दुखणं आन् पेटीचं दुखणं सारखंच. सांगितलं की आधी खर्च मोजत्यात.” तिच्या नवऱ्याने पहिल्याच दिवशी बजावले होते, ‘नुकसान झालं तर पेटी विकून टाकीन.’ पेटी त्याच्या नावावर होती, त्यामुळे तो विकू शकत होता. वर्षानुवर्षे अंगावर पांढरे जाणे लपवणाऱ्या, कंबर धरून भात लावणाऱ्या आपल्या बायका मला आठवल्या. त्यांना आम्ही शिबिरात सांगतो, ‘दुखणे लवकर सांगा.’ सांगितल्यावर काय होते, हे आपण विचारतो का?

त्या बैठकीत दोन गोष्टी ठरल्या. एक, आजार कळवणाऱ्या बाईला कुणी दोष द्यायचा नाही. पेटी गेली तर नुकसान सगळ्यांनी मिळून सोसायचे, त्यासाठी दरमहा प्रत्येकीने दहा रुपये वेगळे टाकायचे. दोन, पेट्यांवर क्रमांक घालायचे, गटाची स्वतःची नोंदवही ठेवायची आणि तिथे पेटीपुढे बाईचे नाव लिहायचे. सरकारी कागद बदलायला वेळ लागेल, वही आजच लिहिता येते. तीनपैकी एक पेटी वाचली, दोन गेल्या. त्यांतल्या एकीची पोळी काढायला आम्हाला उशीर झाला तर त्यात मेणकिडा शिरला, आठवडाभरात पोळ्यांची जाळी-जाळी झाली. रिकामी पोळी पेटीत ठेवू नयेत, तळपाट दर आठवड्याला साफ करावा, हे तेव्हा पक्के झाले.

मार्चमध्ये एका पेटीसमोर मेलेल्या माशांचा सडा पडला. शेजारच्या आंब्यावर मोहोर असताना भर सकाळी फवारणी झाली होती. त्या भाऊंना सांगायला बायका निघाल्या तर घरच्यांनी अडवले, “आम्ही बोलतो पुरुष-पुरुष.” आठवडा गेला, कुणी बोलले नाही. मग सहा जणी गेल्या. भांडायला नव्हे. माशी फळधारणेला मदत करते, आणि फुलोऱ्यात इमिडाक्लोप्रिडसारखे औषध मारले तर ती मरते, हे समजावून सांगितले. ठरले ते असे, की फुलोऱ्यात शक्यतो फवारायचे नाही. अगदीच गरज पडली तर माशा घरी परतल्यावर, संध्याकाळी. आणि आदल्या दिवशी निरोप द्यायचा, म्हणजे पेट्या लांब हलवता येतील. भाऊ म्हणाले, “मला आधी कुणी सांगितलंच नाही.”

मग जांभूळ फुलला, हिरडा फुलला. वरच्या कोठीत मध भरला. मध काढायच्या दिवशी मात्र सगळे नवरे हजर! वर्षभर ‘बायकांचं खेळणं’ म्हणणारे मधयंत्राचा दांडा फिरवायला पुढे. बहुतेक घरे मेणाने बंद झाली असतील तेवढ्याच चौकटी घ्यायच्या, कच्चा मध आंबतो. खालच्या कोठीला हात लावायचा नाही, पावसाळ्यासाठी माशांचा वाटा ठेवायचा. एका घरी नवऱ्याने ऐकले नाही, सगळा मध काढला. सात पेट्यांतून एकूण २१ किलो मध निघाला, त्यातला ५ किलो त्या एका पेटीतला. गावात त्याचे कौतुक झाले. आमच्याकडे पावसाळा चार महिने, फुलांवर जाता येत नाही. आम्ही एक भाग साखर, एक भाग पाणी असा पाक संध्याकाळी, पेटीच्या आत ठेवत होतो. बाहेर थेंब सांडू द्यायचा नाही, नाहीतर दुसऱ्या पेटीच्या माशा लुटायला येतात. तरीही ती पेटी जुलैत उपाशी मेली.

मधाचे पैसे आले तेव्हा आम्ही शहाण्या झालो होतो. सगळी विक्री गटाच्या नावाने झाली आणि प्रत्येकीचा हिस्सा तिच्या स्वतःच्या खात्यात गेला. रक्कम लहान होती. दोघींनी ते पैसे नवऱ्यांना दिले, हेही सांगते. खात्यावर नाव आले म्हणजे निर्णय हातात आला असे नाही.

पहिल्या हंगामाअखेर दहाच्या सहा पेट्या उरल्या. अहवालात हे अपयश म्हणून लिहावे लागले. पाऊस ओसरल्यावर आम्ही सशक्त पेट्यांचे विभाजन करून आणि बांधाच्या ढोलीतली एक वसाहत पकडून नऊ केल्या. जिने आजार लपवला होता, तीच आज नव्या गावांत जाऊन सॅकब्रूडची लक्षणे दाखवते. सात कागदांपैकी चार आता बायकांच्या नावावर झाले आहेत. तीन बाकी आहेत.

तुमच्यापैकी कुणाला पेट्या घ्यायच्या असतील त्यांनी जरूर घ्याव्यात. एकीने एक घेऊ नये, दोन घ्याव्यात, म्हणजे तुलना करता येते. एकटीने घेऊ नये, गटाने घ्याव्यात. आणि अर्जावर सही करण्याआधी वरच्या ओळीत नाव कुणाचे आहे ते वाचावे. मी वाचायला हवे होते.