शेळ्यामेंढ्यांचा निवारा आणि चाऱ्याची गव्हाण

हुबळीच्या नव्या बसस्थानकापासून गोकुळ रोडने पश्चिमेकडे निघाले की कारखाने, दुकाने आणि नव्या वसाहती ओलांडीत माणूस विमानतळापाशी येऊन पोहोचतो. ज्या गावावरून या रस्त्याला नाव मिळाले ते गोकुळ गावही याच बाजूला आहे. १९५६ सालच्या नोव्हेंबरपर्यंत हा सारा मुलूख मुंबई राज्यात होता. मराठी बोलणारी कुटुंबे येथे तेव्हाही होती व आजही आहेत. पूर्वी जेथे पडीक रान होते तेथे आता कुंपणे आली आहेत. शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ एकच. कळप सकाळी सोडावा व संध्याकाळी पोट भरून परत यावा, ही सोय दिवसेंदिवस संपत चालली आहे.

या संपणाऱ्या सोयीची किंमत किती आहे हे समजण्यासाठी धनगरांच्या रीतीकडे पाहिले पाहिजे. मराठी बोलणारे धनगर आणि कन्नड बोलणारे कुरुब यांनी दख्खनच्या पठारावर शतकानुशतके जी मेंढी सांभाळली ती दख्खनी मेंढी. काटक, बहुधा काळ्या लोकरीची, घोंगडीला लोकर देणारी आणि कोरड्या हवेत वाढलेली. फलटणकडील धनगर पावसाळ्यात आपले कळप पूर्वेच्या कोरड्या भागात ठेवतात आणि पाऊस सरला की घाट उतरून कोकणात नेतात. रात्री शेतात वाघर लावून मेंढ्या बसवावयाच्या, शेतकऱ्याला खत द्यावयाचे, मोबदल्यात धान्य वा पैसे घ्यावयाचे आणि पुढे चालू लागावयाचे. अशा माणसाने गोठा बांधला नाही यात नवल नाही. त्याला त्याची गरजच नव्हती. चालण्यामुळे मेंढीला रोज नवी, कोरडी जमीन मिळत होती, मोकळी हवा मिळत होती, दुसऱ्याच्या पायाखाली न तुडवलेला घास मिळत होता. कळप एका जागी बांधला की चालण्याने जे फुकट मिळत होते ते सारे मालकाला स्वतः पुरवावे लागते. निवारा बांधणे म्हणजे केवळ छप्पर घालणे, अशी समजूत करून घेतल्यानेच या धंद्यात अनेकांचे नुकसान होते.

प्रथम जमीन. हुबळीच्या पूर्वेस नवलगुंदाकडे काळी, चिकण माती आहे. पश्चिमेस कलघटगीकडे जावे तसा पाऊस वाढतो. गोकुळ रोडचा परिसर या दोहोंच्या मध्ये येतो, आणि काळ्या मातीचा पट्टा लागला तर त्यावर थेट गोठा उभा करणे ही मोठी चूक होय. ही माती पावसात फुगते व उन्हात भेगाळते; जोते हलते, खांब कलतात आणि ओल महिनोन्‌महिने राहते. मेंढी थंडी सोसते, भूकही काही काळ सोसते, परंतु ओली जमीन तिला सोसत नाही. खूर मऊ पडून कुजू लागतात, लघवी मुरलेल्या मातीतून उग्र वास उठतो, आणि त्या हवेत कोकरांची फुप्फुसे बिघडतात. म्हणून त्यातल्या त्यात उंच जागा निवडावी, फूट-दीड फूट मुरूम भरून तो पाणी मारून धुमसाने चोपावा व बाहेरच्या बाजूस उतार ठेवावा. वरचा थर दरवर्षी खरवडून नवा मुरूम टाकावा व मधूनमधून चुना भुरभुरावा.

कलघटगी, अळणावर या पावसाळी बाजूस शेळ्यांसाठी लाकडी पट्ट्यांचा माच अधिक चांगला. तो जमिनीपासून तीन-चार फूट उंच असावा, म्हणजे खालच्या लेंड्या ओढून काढता येतात. दोन पट्ट्यांमधील फट अर्ध्या इंचाच्या आसपास असावी. ती वाढली की करडाचा पाय अडकलाच म्हणून समजावे.

गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. मृगापासून येणारा पाऊस व वारा येथे नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येतो. त्याच्यापुढे इमारतीची अरुंद बाजू येते व ती भिंत पूर्ण उंचीची बांधता येते. लांब बाजूंना तीन-चार फुटांची भिंत व वर जाळी पुरे. दक्षिणेकडील छप्पर मात्र पुढे अधिक काढावे, कारण तिरकस सर त्याच बाजूने आत शिरते. वळचणीची उंची सात-आठ फूट व मधली दहा-अकरा फूट असावी. पत्र्याचे छप्पर स्वस्त खरे, पण एप्रिलच्या दुपारी त्याखाली शेळ्या धापा टाकीत उभ्या राहतात. पत्र्यावर ज्वारीची ताटे किंवा पाचट पसरून बांधले तर उष्णता पुष्कळ कमी होते. मंगलोरी कौले मिळाली तर उत्तमच. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला ती कौले भाजावयास सुरुवात केली. जुन्या घरांची मोडतोड होते तेव्हा अशी कौले पुष्कळदा सुस्थितीत मिळतात.

जागा किती लागते? मोठ्या जनावराला छपराखाली दहा चौरस फूट आणि उघड्या अंगणात वीस चौरस फूट, हे साधारण प्रमाण आहे. वीस जनावरांना वीस फूट लांब व दहा फूट रुंद गोठा आणि त्याच्या दुप्पट अंगण एवढे पुरते. बोकड व एडका यांना स्वतंत्र कप्पा हवा. नुकत्याच व्यायलेल्या माद्यांसाठी एक-दोन लहान कप्पेही हवेत, आणि हे कप्पे चैनीचे नाहीत. फलटण येथे बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील लहानशा गारोळ मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही जात तयार केली. जुळी देणारी मेंढी घरी आणणे सोपे आहे. परंतु दुसरे कोकरू गर्दीत तुडवले गेले किंवा आईपासून दुरावले, तर तो गुण कागदावरच राहतो. त्या कोकराचा जीव दोन दिवस चार फुटांच्या कप्प्यात आईजवळ राहण्यावर अवलंबून असतो.

आता गव्हाणीविषयी. मालक छपरावर खर्च करतो आणि चारा मात्र जमिनीवर टाकतो, असे अनेक ठिकाणी पाहावयास मिळते. शेळीच्या अंगी एक सोवळेपण आहे. ज्या पाल्यावर पाय पडला, लघवी पडली, तो ती हुंगून सोडून देते. उपाशी राहील, पण खाणार नाही. तिला कोणी हट्टी म्हणो, पण ही तिची शहाणपणाचीच खोड आहे. लेंड्यांतून पसरणारे जंत अशाच माखलेल्या चाऱ्यातून पोटात जातात. वीस जनावरांना प्रत्येकी एक किलो कोरडा चारा घातला आणि त्यातला चौथा हिस्सा पायाखाली गेला असे धरले, तर दिवसाला पाच किलो व वर्षाला अठराशे किलोंहून अधिक चारा मालक विकत घेऊन उकिरड्यावर टाकतो. स्वतःचे रान नसलेल्या, कडबा विकत घेणाऱ्या माणसाचा नफा बहुधा एवढ्यातच संपतो.

शेळी मान वर करून झाडाचा पाला ओरबाडणारी, तर मेंढी मान खाली घालून चरणारी. दोघींना एकच गव्हाण घालू नये. शेळीसाठी उभ्या गजांची, वर रुंद व खाली निमुळती अशी गव्हाण करावी. गजांमधील अंतर दोन ते तीन इंच, आणि खाली गळणारी पाने झेलण्यासाठी पन्हळीसारखे लांब पात्र. भुईमुगाच्या किंवा तुरीच्या पाल्यातील सत्त्व पानांत असते, आणि खेचताना प्रथम गळतात ती पानेच. मेंढीला मात्र गव्हाण उंच असून चालत नाही. वरून पडणारा भुसा मानेच्या लोकरीत रुततो व डोळ्यांत जातो. तिची गव्हाण फूटभर उंचीची, गज आतल्या बाजूस कललेली असावी.

कडबा अख्खा टाकला तर पाने खाऊन ताटे शिल्लक राहतात. विळ्याने वा कडबाकुट्टीने त्याचे इंचभर तुकडे केले म्हणजे ताटेही पोटात जातात. असा बारीक चारा गजांतून गळतो, म्हणून त्याला पात्राचीच गव्हाण हवी व तोंड घालण्यापुरत्या खाचा हव्यात. शिंगे असणाऱ्या जनावरांसाठी खाच वर रुंद व खाली अरुंद ठेवावी; डोके वरून घालता येते, वरूनच काढता येते आणि मध्येच चारा बाहेर ओढून टाकता येत नाही.

गव्हाणीची लांबी हा प्रश्न दिसतो त्याहून महत्त्वाचा आहे. प्रत्येक मोठ्या जनावराला दीड फूट जागा मिळून सर्वांना एकाच वेळी खाता आले पाहिजे. नाहीतर दांडगी शेळी दोन्ही बाजूंना ढुसण्या देत खाते आणि गाभण वा अशक्त शेळी मागे उभी राहते. अंगणात चारा भरपूर दिसत असतो आणि ती मात्र वाळत जाते. दोन्ही बाजूंनी खाता येईल अशी पंधरा फुटांची गव्हाण वीस जनावरांना पुरते. दोनशे लिटरचे प्लॅस्टिकचे पिंप उभे चिरून त्याचा अर्धा भाग लाकडी चौकटीत बसवला की सुमारे तीन फुटांचे पात्र होते. अशी पाच पात्रे सलग लावावीत. येथे एक इशारा देणे अवश्य आहे. गोकुळ रोडवर औद्योगिक वसाहत असल्याने जुनी पिंपे स्वस्तात मिळू शकतात. ज्यात रसायने होती ते पिंप कितीही धुतले तरी गव्हाणीसाठी घेऊ नये. खाद्यतेलाचे किंवा खाण्याच्या पदार्थाचेच शोधावे. चिरलेल्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात.

गव्हाणीवर लहानसे छप्पर असावे, आणि पाण्याचे भांडे तिच्यापासून दूर, अंगणाच्या दुसऱ्या टोकास ठेवावे. अंगणाचे कुंपण शेळ्यांसाठी पाच फुटांहून कमी नको. रानात लांडग्याचे भय असते तसे शहराच्या कडेला मोकाट कुत्र्यांचे असते, आणि रात्री कळप बाहेर राहिला तर एकाच रात्रीत होत्याचे नव्हते होते.

रब्बी ज्वारीचा कडबा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. तो तेव्हाच घेऊन जमिनीपासून उंच फळ्यांवर गंजी रचावी, कारण बुरशी धरलेला कडबा जनावराला घालण्यासारखा राहत नाही. मुरूम त्याच सुमारास चोपून घ्यावा आणि छप्पर वळवाच्या पहिल्या सरीपूर्वी पुरे करावे. गव्हाण तयार झाली की लगेच पक्की ठोकू नये. चार दिवस जनावरांना तीतून खाऊ द्यावे, रोज संध्याकाळी खाली पडलेला चारा गोळा करून तोलावा आणि त्याप्रमाणे गज जवळ किंवा दूर, पात्र वर किंवा खाली सरकवावे. खाली मूठ-दोन मुठींहून अधिक चारा पडेनासा झाला, म्हणजे मग खिळे ठोकावेत.