आपल्या घरातले ताट

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. शिक्षण माझे सातवी. चिटणीसबाईंनी मला उभे केले ते एका साध्या कारणाने. गेल्या श्रावणात आमच्याकडे सवाष्णी जेवायला होत्या, तेव्हा त्यांना आमची पांढरी ताटे आवडली. "एवढी छान भांडी कोठून आणली, आणि परवडली कशी, हे सगळ्यांना सांगा," असा त्यांनी आग्रह धरला. तेव्हा तेच सांगते. मात्र ती ताटे घरात येण्यापूर्वी माझी जी फजिती झाली, ती आधी सांगावी लागेल.

माझे माहेर अमरावतीचे आणि सासर येथले, अकोल्याचे. लग्नात रुखवतावर मांडलेली स्टीलची भांडी, नाव आणि तारीख कोरलेली, आजही वापरात आहेत. सासरी त्याहून जुना संसार होता. पितळी गुंड, कोपर, कल्हईचे गंज आणि सासूबाईंचा गडवा. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. त्यात आंबट वरण किंवा ताक कळकते, म्हणून आतून कथलाची कल्हई हवी. कल्हईवाला गल्लीत येईनासा झाला आणि ती भांडी माळ्यावर गेली. पुष्कळ घरांतून ती मोडीत गेली. आपल्या विदर्भातला भंडारा जिल्हा पितळेसाठी नावाजलेला, पण आपल्याच घरांतून पितळ वजनावर निघून गेले.

तर मुद्दा असा, की मलाही वाटे आपल्याकडे नव्या तऱ्हेची भांडी असावीत. मुली मोठ्या होत होत्या, त्यांच्या मैत्रिणी यायच्या. मी ब्लाउज शिवून पैसे साठवले आणि 2018 च्या भाऊबीजेला माहेरी गेले असता अमरावतीला एका दुकानातून कपबश्यांचा सुंदर संच घेतला. कप इतके पातळ, की उजेडात धरले तर पलीकडच्या बोटांची सावली दिसे. खोक्यावर इंग्रजी अक्षरे होती, ती मी लावून वाचली: बोन चायना. मला वाटले, कंपनीचे नाव असेल. "यात काय काय असते?" असे विचारावे असे मनात आले होते, पण दुकान मोठे, आजूबाजूच्या बाया चांगल्या शिकलेल्या, मला लाज वाटली. दुकानदार म्हणाला, "एकदम उंची माल आहे, ताई." मी पैसे दिले. येताना मूर्तिजापूरपर्यंत रस्त्याने असे गचके दिले, की खोके सारा वेळ मांडीवर धरून बसले. पुढे 2022 च्या जून महिन्यात याच अमरावती-अकोला मार्गावर 75 किलोमीटरचे डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत होऊन जागतिक विक्रम झाला, पण माझे कप आले ते त्या आधीच्या रस्त्याने!

आमच्या सासूबाई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी, घरात अंडेसुद्धा येत नाही. त्यांना मी हौसेने नव्या कपात चहा देऊ लागले. चार महिने त्या त्यातच चहा प्याल्या, एकादशीलासुद्धा. एके दिवशी माझी मोठी मुलगी, ती तेव्हा बी.एस्सी.ला होती, बशी उलटी करून पाहत सहज म्हणाली, "आई, बोन म्हणजे हाड. यात जनावरांच्या हाडांची राख असते."

सासूबाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला. एक शब्द बोलल्या नाहीत. उठून तुळशीपाशी जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा चहा पुन्हा स्टीलच्या पेल्यात. मला घास गोड लागेना. त्यांनी बोल लावला असता तर बरे, असे वाटे. तिसऱ्या दिवशी मीच रडत त्यांच्याजवळ गेले. तेव्हा त्या म्हणाल्या, "तुनं मुद्दामून थोडीच केलं? पण इचारत जाय वं बाई. इचाराले पैसे लागत नाईत."

भगिनींनो, माझ्या भाषणाचे सार त्या एका वाक्यात आहे. त्यानंतर मी प्रत्येक दुकानात विचारू लागले, आणि मुलीकडून वाचून घेऊ लागले. जे कळले ते सांगते.

बोन चायना हा प्रकार इंग्लंडात अठराव्या शतकाच्या अखेरीस जोसाया स्पोड नावाच्या कारागिराने स्टोक-ऑन-ट्रेंट येथे नावारूपाला आणला. त्याच्या मूळ पाककृतीत जवळजवळ निम्मा भाग गुराढोरांच्या हाडांची राख, आणि बाकी पांढरी माती व दगडाची पूड. त्या राखेनेच तो पांढरा, पातळ आणि चिवट होतो. ज्यांना चालते त्यांनी जरूर घ्यावा, माल चांगलाच असतो. पण ज्यांच्या घरी चालत नाही, त्यांना घेण्यापूर्वी कळले पाहिजे. माझे कप मी एका शेजारणीला दिले, पण आधी सारे सांगून. "मला चालते," म्हणाली, मगच दिले.

मग पांढरे शुभ्र काय घ्यावे? याला उत्तर आहे ओपल काच. ही दुधासारखी दिसणारी काचच असते, हाडाचा संबंध नाही. काही कंपन्या तसे खोक्यावर मुद्दाम छापतात. आपल्या देशात ला ओपाला कंपनीने 1980 च्या दशकाच्या अखेरीस मधुपूर येथे ही काच करायला सुरुवात केली. ते गाव तेव्हा बिहारात होते, आता झारखंडात आहे. ही भांडी हलकी, धुवायला सोपी आणि हळदीचा डाग न धरणारी. मात्र गॅसच्या ज्योतीवर ठेवायची नाहीत, आणि तापलेल्या ताटावर गार पाणी ओतायचे नाही.

दुसरे मेलामाइन. पडले तर सहसा फुटत नाही, रंग छान, म्हणून लहान मुलांच्या घरी फार चालते. पण ते एका तऱ्हेचे प्लॅस्टिकच. मायक्रोवेव्हमध्ये घालू नये, कढत आणि आंबट पदार्थ त्यात फार वेळ ठेवू नये, आणि वरचा तुकतुकीतपणा जाऊन चरे पडले की मोह न धरता काढून टाकावे. बाजारात फारच स्वस्त दिसले तर थोडे थांबून विचार करावा.

तिसरी भाजलेल्या मातीची जाड, चकाकीची भांडी. उत्तर प्रदेशातले खुर्जा त्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्या विदर्भातही चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीचा ग्रामोदय संघ गांधीविचारातून उभा राहिला आणि मातीकामासाठी ओळखला गेला. अशा भांड्यांत ताकाची कढी फार शोभून दिसते. वजन मात्र पेलले पाहिजे.

आणि चौथे आपले स्टील. याला जुनाट समजू नका. न गंजणारे हे पोलाद 1913 साली इंग्लंडात शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी तयार केले. चांगल्या स्टीलला 304 क्रमांक असतो. त्यात सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. 202 क्रमांकात निकेल कमी असते, म्हणून ते स्वस्त, पण मीठ आणि आंबटाने लवकर डागते. पुष्कळ बाया पर्समध्ये लोहचुंबक घेऊन जातात, चिकटले नाही की माल चांगला समजतात. पण 202 लाही चुंबक सहसा चिकटत नाही! तेव्हा क्रमांक विचारा आणि बिलावर लिहून मागा. 2024 साली केंद्र सरकारने स्टील आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांना आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे करणारा आदेश काढला, त्यामुळे ते चिन्हही पाहा. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून स्टीलच्या घरगुती भांड्यांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला, हेही बिलात तपासा.

आता परवडण्याची गोष्ट. तेहतीस नगांचा मोठा संच दिसायला झोकदार, पण त्यातले सूपचे वाडगे आणि लांबोळे भांडे आपल्या घरी वर्षभर धूळ खाते. मी सुटे नग घेतले. घरात माणसे पाच, म्हणून ताटे आठ आणि वाट्या सोळा. रंग साधा पांढरा, नक्षी नाही. नक्षी दोन वर्षांत बाजारातून जाते, मग एक ताट फुटले की जोड मिळत नाही. पांढऱ्याला पांढरे केव्हाही जुळते. सगळे एकदम घेतले नाही. दर दोन महिन्यांनी शिलाईच्या पैशांतून दोन ताटे आणि चार वाट्या, असे आठ महिन्यांत पुरे केले. कोणापुढे हात पसरला नाही.

शिवाय ताट आपल्या जेवणाला साजेसे हवे. साहेबी पद्धतीचे सपाट ताट दिसते छान, पण त्यात पातळ भाजी वाढली की ती भाकरीखाली शिरते, आणि रोडग्यांवरचे वरण तर सरळ काठावरून उतरते! म्हणून काठ थोडा उभा पाहावा. मी दुकानात जाताना एक सुतळी नेते. तिला माझ्या भाकरीच्या मापाची गाठ मारलेली आहे. ताटात भाकर मावून शेजारी एक वाटी बसली पाहिजे. दुकानातला मुलगा पहिल्यांदा हसला. दुसऱ्यांदा त्यानेच विचारले, "काकू, सुतळी आणली का?" ताट सपाट फरशीवर ठेवून डुगडुगते का ते पाहावे, काठावरून बोट फिरवून टवका आहे का ते पाहावे, आणि घरची मांडणी मोजून मगच खरेदीला निघावे.

शेवटी एकच सांगायचे आहे. आपल्यापैकी किती जणींच्या काचेच्या कपाटात चांगली भांडी पाहुण्यांची वाट पाहत बसली आहेत! आणि घरची बाई सर्वांचे झाल्यावर चेपलेल्या ताटलीत, नाही तर झाकणावरच घेऊन जेवते. मीही वीस वर्षे तशीच जेवले. ही ताटे आली तेव्हा पहिल्या दिवशी सवयीने मी झाकण पुढे ओढले. सासूबाईंनी ते काढून घेतले आणि पांढरे ताट ठेवले. तत्पूर्वी त्यांनी स्वतःचे ताट उचलून मला विचारले होते, "यात तं नाई ना काही?" मी म्हटले, "आई, तीन दुकानांत विचारलं, खोक्यावरचं पोरीकडून वाचून घेतलं. काही नाही." मग त्या जेवल्या. त्या दिवशी आमच्या घरी साधा झुणका आणि भाकर होती.

ज्या ताटात घरातले वडीलधारे माणूस निःशंक जेवते, आणि सर्वांच्या मागून बसणारी बाईही जेवते, तेच ताट मला सुंदर वाटते. त्याला फार पैसे लागत नाहीत.

मंडळापुढे एक सूचना मांडते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण दरवर्षी प्लॅस्टिकच्या डब्या लुटतो. त्याऐवजी यंदापासून प्रत्येकीला एक साधी पांढरी वाटी वाण म्हणून द्यावी, दरवर्षी त्याच मापाची. सहा वर्षांत प्रत्येक घरी सहा वाट्यांची जोडी होईल, आणि कोणाच्याही घरून कमी पडल्या तर शेजारणीच्या जुळतील. वाटी कशाची आहे हे मात्र घेण्यापूर्वी आपण सर्वांनी मिळून विचारू.

काही अधिक-उणे बोलले असेन तर पदरात घ्यावे.