तांबी बसवताना काय होतं, ते आधी ऐकून घ्या

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका निवृत्त आरोग्य सहाय्यिका ताईंनी केलेलं हे भाषण. ज्यांना सभेला येता आलं नाही त्या गटांसाठी त्यांच्याच शब्दांत छापत आहोत.)

आज हप्ता, व्याज, थकबाकी यातलं मी काही बोलणार नाही. मला तांबीवर बोलायला बोलावलंय. तोंडाला पदर लावून हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं मी पिशवी, पाळी, अंगावरून जाणं हे सगळे शब्द सरळ वापरणार आहे.

तांबी म्हणजे कॉपर टी. दीड-दोन पेरांएवढी प्लॅस्टिकची काडी, तिला तांब्याची बारीक तार गुंडाळलेली आणि खाली दोन बारीक दोरे. तांब्यामुळं पुरुषाचं बीज निकामी होतं, म्हणून दिवस राहत नाहीत. शंभर बायांनी बसवली तर पहिल्या वर्षात एकीपेक्षा कमी जणींना दिवस जातात. सरकारी दवाखान्यात दोन प्रकार मिळतात. ३८० ए दहा वर्षं चालते, ३७५ पाच वर्षं. दोन्ही फुकट. अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालते, दुधावर काही परिणाम होत नाही.

मग बाया घाबरतात का? आपल्या आज्या-सासवांना विचारा. १९६५ साली सरकारनं 'लूप' आणला होता. बसवण्याचा धडाका मोठा, पण बसवल्यावर विचारपूस करणारं माणूस नाही. रक्त जास्त गेलं, पोटात दुखलं, तर असं होऊ शकतं हे आधी कुणी सांगितलेलंच नव्हतं. ती भीती घराघरात उतरत आली. माझं मत विचाराल तर त्या बायांचं चुकलं नव्हतं. ज्यांनी सांगायचं ते गप्प बसले. म्हणून आज सगळं सांगते, दुखण्याचंसुद्धा.

पाळीच्या दिवसांत किंवा पाळी संपता संपता गेलात तर सोपं पडतं, कारण दिवस गेलेले नाहीत याची खात्री असते. तशी खात्री असेल तर इतर दिवशीही बसवतात. उपाशी जाऊ नका, भाकरी खाऊन जा. टेबलावर झोपायच्या आधी लघवी करून या.

आधी सिस्टर विचारपूस करतील. मध्येच रक्त जातं का, पांढरं पाणी वास मारतं का, पिशवीला गाठ सांगितली आहे का. लाजून खोटं सांगू नका. आत जंतुसंसर्ग असेल तर आधी औषध, मग तांबी. रक्त का जातंय ते कळलेलं नसेल तर आधी तपासणी. अंगात रक्त किती आहे तेही बघायला सांगा.

मग गुडघे वाकवून झोपवतात. हातमोजा घालून आतून तपासतात, पिशवीचा आकार बघतात. त्यानंतर एक साधन घालून योनीमार्ग उघडा ठेवतात, ते गार लागतं. पिशवीचं तोंड औषधानं पुसतात आणि हलेल म्हणून ते एका चिमट्यानं धरतात. तेव्हा चिमटा काढल्यासारखं लागतं. सळई घालून पिशवीची खोली मोजतात आणि बारीक नळीतून तांबी आत सोडतात. या दोन वेळा पोटात जोराची कळ येते, पाळीतल्या कळेसारखी. कुणाला नुसतं टोचल्यासारखं वाटतं, कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं. जिची बाळंतपणं सिझरनंच झाली तिला थोडं जास्त दुखू शकतं. शेवटी दोरे कापतात. सगळं मिळून पाच-दहा मिनिटं. अंग सैल सोडा, तोंडानं श्वास घ्या आणि सहन होत नसेल तर "थांबा" म्हणा. थांबतात. थांबलंच पाहिजे.

लगेच उठू नका. एखादीला चक्कर येते, घाम फुटतो, मळमळतं. थोडा वेळ पडून राहिलं की बरं वाटतं. दुखण्याची गोळी मागून घ्या. एकटीनं जाऊ नका, गटातली कुणीतरी सोबत असू द्या, येताना गाडीवर मागं धरायला तरी.

पुढचे एक-दोन दिवस कळा, थोडं थोडं रक्त. त्यानंतर पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाते, लांबते, मध्येच डाग पडतात. बऱ्याच जणींचं नंतर कमी होतं. हे माहीत नसल्यामुळंच बाया दुसऱ्या महिन्यात तांबी काढून टाकतात. पण सहन करायलाही मर्यादा आहे. आठ दिवसांपेक्षा जास्त रक्त जातंय, नेहमीच्या दुप्पट जातंय, गाठी पडतायत, जिना चढताना धाप लागतेय, तर दवाखान्यात जा. त्यावर गोळ्या आहेत, रक्तवाढीच्या गोळ्या आहेत आणि तरीही थांबलं नाही तर तांबी काढता येते.

इथं माझ्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायांसाठी जरा थांबते. दिवाळीनंतर टोळी निघते. आदल्या आठवड्यात तांबी बसवून गाडीत चढू नका. सुरुवातीचे जास्त रक्ताचे महिने फडात काढावे लागतील, तिथं धुवायला पाणी नाही आणि खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. पावसाळ्यात बसवा, म्हणजे निघायच्या आधी दोन-तीन पाळ्या घरी होतात आणि तपासणीही उरकते. दुसरं म्हणजे, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेलं होतं. तांबीमुळं रक्त जातंय म्हणून कुणी पिशवीच काढायला सांगत असेल, तर आधी तांबी काढून बघा आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. तांबी पाच मिनिटांत निघते, पिशवी परत बसत नाही.

तांबी पोटात फिरते, छातीत जाते असं म्हणतात. पिशवी वरून बंद असते, तिथून छातीकडे वाट नाही. बसवताना पिशवीला छेद जाण्याचा प्रकार हजारात एखाद-दुसरीच्या बाबतीत होतो, म्हणून शिकलेल्या हातानंच बसवून घ्यावी. खाली सरकून पडणं मात्र होतं, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत. यासाठी दोरा तपासायचा. पाळीनंतर हात धुवून उकिडवं बसा आणि मधलं बोट आत घाला. नाकाच्या शेंड्यासारखं टणक लागतं ते पिशवीचं तोंड, तिथं दोरा हाताला लागतो. ओढायचा नाही. दोरा लागला नाही किंवा कडक काडी लागली, तर सिस्टरकडे जा, तोवर निरोध वापरा. नवऱ्याला टोचतो अशी तक्रार असेल तर दोरा आखूड करता येतो, तेवढ्यासाठी भांडायला नको.

लगेच जायची लक्षणं म्हणजे ताप, ओटीपोटात सतत दुखणं, वास मारणारं पाणी. पहिल्या तीन आठवड्यांत याकडे जास्त लक्ष ठेवा. आणि पाळी चुकली, एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय, तर रात्र असली तरी थांबू नका. गर्भ नळीत राहिला असेल तर जिवावर बेततं. तांबीनं गुप्तरोग, एचआयव्ही थांबत नाहीत हेही ध्यानात ठेवा.

बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवतात, नाहीतर सहा आठवड्यांनी. सोय चांगली आहे. बाई दवाखान्यातच असते, वेगळी फेरी पडत नाही. त्यात पडण्याचं प्रमाण मात्र जास्त असतं, शिवाय दोरा सुरुवातीचे आठवडे हाताला लागत नाही. पण विचारायची वेळ कळा सुरू असताना नव्हे. सातव्या-आठव्या महिन्यातच आशाताईला सांगून ठेवा, हवी असेल तर हवी, नको असेल तर नको. तुमच्या होकाराशिवाय कुणी बसवायची नाही. नवऱ्याची सही लागत नाही, तुमचा होकार लागतो. घरी सोडताना मिळालेला कागद गटातल्या वाचणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या, त्यावर तांबी लिहिली आहे का ते बघा.

काढायचं सांगते. "अजून पाच वर्षं झाली नाहीत, काढता येत नाही" असं कुणी म्हटलं तर ते खोटं आहे. कुठल्याही दिवशी, कारण न सांगता काढून मागता येते. दोरा धरून ओढतात, बसवण्यापेक्षा कमी दुखतं. काढल्यावर लगेच दिवस राहू शकतात, म्हणून मूल नको असेल तर अंतरा इंजेक्शन, छाया गोळ्या, दुसरी काही सोय आधी ठरवा. किंवा नवऱ्याची नसबंदी. हसू नका, ते ऑपरेशन बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपं असतं. त्यावर बोलायला पुरुषांची सभा लावा, मी येते.

बसवल्यावर एक कार्ड मिळतं. कधी बसवली, कुठली बसवली, कधी काढायची, सगळं त्यावर असतं. ते पासबुकाच्या पिशवीत ठेवा, म्हणजे हरवणार नाही. पहिल्या पाळीनंतर किंवा महिन्या-दीड महिन्यानं दाखवायला जायचं, मग तीन महिन्यांनी.

मघाशी एका आजींनी विचारलं, "माझी बसवून किती वर्षं झाली आठवत नाही, पाळी तर कधीच गेली, आता राहू दे का?" राहू देऊ नका, आजी. पाळी जाऊन वर्ष झालं की तांबी काढून घ्यायची. कार्ड नसलं तरी चालतं. दोरा दिसला नाही तर सोनोग्राफीत किंवा एक्स-रेत दिसते. सभा संपल्यावर थांबा, उपकेंद्रात कुठल्या वारी जायचं ते लिहून देते.