कुंकळ्ळीचे गांवकर आणि १५८३ चा प्रतिकार



फातर्प्याच्या श्रीशांतादुर्गेला अवघा गोमंतक ‘कुंकळ्ळीकरीण’ म्हणून ओळखतो. देवीचे वास्तव्य फातर्प्याला, आणि ती म्हणवते मात्र कुंकळ्ळीची. चार शतके उलटली तरी तिने गाव सोडला नाही, असेच म्हणावे लागेल. त्या एका विशेषणामागे जो इतिहास आहे, तो आजच्या व्याख्यानाचा विषय.

कुंकळ्ळी, असोळणे, वेळ्ळी, आंबेली आणि वेरोडे हा साष्टीच्या दक्षिण टोकाचा सुपीक मुलूख. १५४३ साली साष्टी आणि बारदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले; पण सत्ता बदलली म्हणून गावाचा कारभार बदलला नाही. तो गांवकरीकडेच राहिला. गांवकरी म्हणजे काय, हे महाजनांना सांगावयास नको. नव्या पिढीसाठी मात्र दोन शब्द सांगणे अवश्य आहे. जमीन कोणा एकाची नसे, ती गावाची असे. बांध आणि मानशी राखणे, शेतांची पावणी करणे, देवस्थानचा खर्च चालविणे, सरकारचा वाटा भरणे, हे सारे वांगडांच्या प्रमुखांच्या बैठकीत ठरत असे. कुंकळ्ळीची वांगडे बारा. देऊळ आणि शेत ही तेथे दोन निरनिराळी खाती नव्हती. जे गांवकर तेच देवाचे सेवेकरी. देवळावर घाव पडला की तो गावाच्या सत्तेवरही पडत असे.

आणि ही व्यवस्था राज्यकर्त्यांना अपरिचित होती असेही नाही. १५२६ साली अफोन्सो मेशिया याने तिसवाडीच्या गांवकऱ्यांचे रीतिरिवाज ‘फोराल’ या दस्तऐवजात नोंदवून त्यांचे हक्क राजाच्या नावाने मान्य केले होते. चाळीसएक वर्षांत वारे फिरले. १५६७ साली रायतूरच्या किल्ल्याचा कप्तान दियोगु रॉड्रिग्ज याने साष्टीतील देवळांचा विध्वंस आरंभिला. दोनशेंहून अधिक देवळे पडली. या पाच गावांनी पडलेली देवळे पुन्हा उभारली आणि सरकारचा वसूल अडवून धरला. शस्त्र उचलण्याआधी कुंकळ्ळीकरांनी उचललेले हत्यार हेच: सारा न भरणे. १५८३ च्या आरंभी त्यांच्यावर फौज धाडण्यात आली आणि देवळे पुन्हा उद्ध्वस्त झाली.

त्याच वर्षी १५ जुलै रोजी पाच जेझुइट ओर्लीहून कुंकळ्ळीस आले. चर्चसाठी जागा पाहून तेथे क्रूस उभारावा, असा त्यांचा मनोदय होता. त्यांचा प्रमुख रुदोल्फो आक्वाविवा हा नुकताच अकबराच्या दरबारातून परतला होता. फत्तेपूर सिक्रीत त्याने नाना धर्मांच्या पंडितांशी वाद घातला, आणि तेथून सुखरूप परत आला. कुंकळ्ळीत मात्र वादाला जागा उरलेली नव्हती. देवळाच्या भग्नावशेषांची आग अजून मनात धुमसत असताना क्रूसाची जागा शोधणारे दिसताच गावकरी तुटून पडले. पाचही जेझुइट आणि सोबतचे काहीजण मारले गेले. निःशस्त्र माणसांची ही हत्या होती. कुंकळ्ळीचा अभिमान बाळगणाऱ्यानेही हे झाकू नये. पण ज्या फौजेने आधी ती देवळे पाडली, तिची गोष्ट गाळून केवळ १५ जुलैची सांगणे हाही अन्यायच.

पुढे जे घडले ते अधिक दारुण. बोलणी करण्याच्या मिषाने गावाच्या सोळा प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावण्यात आले. ते गेले. दिलेल्या शब्दावर विसंबून गेले, हे विशेष. किल्ल्यात त्यांच्यावर शस्त्र चालविण्यात आले. पंधराजण ठार झाले. उरलेल्या एकाने साळ नदीत उडी टाकली आणि पोहत निसटून तो कारवारकडे गेला, असे गावची परंपरा सांगते.

मग जमिनीवर हात पडला. गांवकरीच्या जमिनी जप्त झाल्या. कुंकळ्ळी व वेरोडे एका पोर्तुगीज सरदारास बहाल झाले, असोळणे, वेळ्ळी आणि आंबेली जेझुइटांना मिळाले. ज्या बैठकीत शेताचा आणि देवाचा निर्णय एकत्र होत असे, तिच्याकडून शेत गेले. देवीला तर आधीच पोर्तुगीज हद्दीबाहेर फातर्प्याची वाट धरावी लागली होती, की ती या रणधुमाळीनंतर निघाली, याविषयी मते भिन्न आहेत. मात्र तिच्यामागे बारा वांगडांचे नाते गेले, ते तुटले नाही.

स्मरणाचाही एक न्याय असतो. पाच जेझुइटांना पोप तेरावे लिओ यांनी १८९३ साली धन्यवादित घोषित केले. त्यांची नावे, चरित्रे, कुळे सारी नोंदलेली आहेत. सोळा गांवकरांच्या वाट्याला दीर्घकाळ केवळ गावाची स्मृती आली. कुंकळ्ळीत त्यांचे स्मारक उभे राहिले ते २००३ साली. ते उभारण्याच्या खटपटीत हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही कुंकळ्ळीकर होते, यात नवल वाटण्याचे कारण नाही. पुढील काळात अनेक घराण्यांनी धर्म बदलला, पण वांगड बदलले नाही. चर्चला जाणाऱ्या अनेक कुळांना आजही आपले वांगड ठाऊक असते.

दरवर्षी फाल्गुनात सत्र्यांच्या उत्सवात देवी फातर्प्याहून कुंकळ्ळीकडे निघते. बारा वांगडांच्या बारा छत्र्या तिच्याबरोबर असतात. वाटेत गुलाल उधळला जातो, ढोल-ताशे वाजतात, आणि जिथे एकेकाळी तिचे देऊळ होते त्या गावात ती पाहुणी म्हणून नव्हे, घरची म्हणून प्रवेश करते.