विस्मृतीच्या घरी वैद्याचे पाऊल
(कसारा येथील वार्षिक ज्ञातिसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वैद्यकीय पदवी संपादन केलेल्या मुलामुलींचा आपण दरवर्षी या व्यासपीठावर गौरव करता. शाल आणि श्रीफळ यांचा लाभ एके काळी मलाही झाला आहे. तेव्हा त्या सत्काराविषयी उणा शब्द काढण्याचा मला अधिकार नाही. तथापि ज्याचा आपण सत्कार करतो तो मुलगा पुढे कोठे जातो, काय शिकतो आणि त्याचे काय शिकावयाचे राहून जाते, हे आज सांगावे असे मनात आहे. कारण जे राहून जाते त्याची झळ आपल्याच घरांतील म्हाताऱ्या माणसांना लागते.

एम. बी. बी. एस. झाल्यावर जो एम. डी. अथवा एम. एस. होऊ इच्छितो, त्याला तीन वर्षे रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून राहावे लागते. निवासी हा शब्द अगदी अक्षरशः खरा आहे. तो तेथेच जेवतो, तेथेच झोपतो, आणि पुष्कळ रात्री झोपतही नाही. मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात मी ही तीन वर्षे काढीत असताना माझी आजी गावी विसरू लागली होती.

आमचे मूळ घर धरणाच्या पाण्याखाली गेलेले. आजीचे सारे तारुण्य त्या घरात सरले होते. दिवाळीला मी घरी आलो तेव्हा तिने मला एका घटकेत चार वेळा विचारले, "कधी आलास?" मी हसलो. घरचे म्हणाले, साठी बुद्धी नाठी. मीही तेच म्हणालो, आणि मी तर औषधवैद्यकाचा विद्यार्थी! पुढच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ती घरातून निघाली. आवणीचे दिवस, सगळी माणसे शेतावर. दुसऱ्या दिवशी सकाळी गुराख्याच्या पोरांना ती जलाशयाच्या काठी चिखलात बसलेली सापडली. ती म्हणत होती, "दार कोणी लावून घेतले?" ती आपल्या घरी गेली होती, घर तेवढे तेथे नव्हते.

या व्याधीचे वर्णन १९०६ साली डॉ. आलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्याने केले. ते मला पाठ होते. परंतु रुग्णालयातील खाटेवर हा रोग स्वतःच्या नावाने फारसा येत नाही. म्हातारा येतो तो न्युमोनियाने, अथवा पडून मांडीचे हाड मोडले म्हणून. तो गोंधळलेला असला तर कागदावर आपण वय लिहितो आणि पुढच्या खाटेकडे वळतो. घरातील रात्री, चुलीवर विसरलेले पातेले, लेकीला परकी बाई समजणे, हे कोणत्याच कागदावर येत नाही.

आता हा रोग थोडाथोडका नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठी उलटलेल्यांपैकी शेकडा ७.४, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. आणि त्याचे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत, पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शिकलेल्यांपेक्षा निरक्षरांत अधिक आढळले. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील आजीचेच हे वर्णन नव्हे काय? शिवाय येथील तरुण पहाटेच्या लोकलने कामास जातो आणि रात्री परततो. कसाऱ्याहून मुंबई सुमारे १२० किलोमीटर. मुरबाडला तर अजून आगगाडीच नाही. दिवसभर म्हातारे माणूस आणि सून, एवढीच घरे पुष्कळ.

सगळेच विसरणे असाध्य असते, असे मात्र समजू नका. ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, थायरॉइड ग्रंथीची मंदता, मनाची उदासीनता, झोपेच्या गोळ्या, किंवा पडल्यावर मेंदूच्या आवरणाखाली साकळलेले रक्त यांनीही माणूस विसरतो, आणि यांवर उपचार आहेत. म्हणून पहिल्या तपासणीचे महत्त्व. ती तपासणीही माणूस पाहून करावी लागते. ज्याने आयुष्यात कॅलेंडर पाहिले नाही त्याला आजची तारीख विचारून काय कळणार? हरियाणातील बल्लभगढच्या खेड्यांत संशोधकांनी निरक्षर वृद्धांसाठी हिंदीतून निराळी प्रश्नावली केली, ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. आपल्याकडे विचारावे ते राब भाजून झाला का, म्हशाची यात्रा येऊन गेली की यावयाची आहे, असे. तीस वर्षांपूर्वी म्हशाच्या बाजारात घेतलेल्या बैलजोडीची किंमत आजोबा बिनचूक सांगतात, म्हणून त्यांची स्मृती शाबूत आहे असे मानणे ही मोठीच चूक होय. जुने टिकते, सकाळचे जाते.

आता उपायाकडे येतो. तो फार दूरचा नाही, गोव्यातला आहे. तेथे डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ८१ कुटुंबांत एक प्रयोग केला. त्याचा वृत्तांत २००८ साली प्रसिद्ध झाला. घरोघर जाणारे सल्लागार स्थानिकच होते. स्थानिक भाषा यावी, लिहितावाचता यावे आणि वृद्धांविषयी कळकळ असावी, इतकीच मुख्य अपेक्षा. त्यांना एका आठवड्याचे शिक्षण दिले आणि पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ ठेवला. ते महिन्यातून निदान दोनदा घरी जात, रोग समजावून सांगत, रुग्णाशी कसे वागावे हे दाखवीत, शुश्रूषा करणाऱ्या माणसाचे ऐकून घेत. सहा महिन्यांनी त्या शुश्रूषा करणाऱ्यांच्या मनावरचा ताण उणावलेला दिसून आला. रोग बरा झाला नाही. तसा दावाही कोणी केला नाही.

असे आपणांस करता येईल, असे मी म्हणतो ते एका नव्या नियमाच्या आधारावर. २०२० साली झालेल्या नियमाने प्रत्येक निवासी डॉक्टराला आपल्या तीन वर्षांतील तीन महिने जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयव्यवस्थेत काढणे बंधनकारक झाले आहे. कोणाला कोठे पाठवावे हे अधिकारी ठरवितात, आपण नव्हे. परंतु आपल्या मुलांनी ठाणे जिल्हा मागावा, शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस विस्मृतीच्या रुग्णांसाठी मिळावा, अशी लेखी विनंती कार्यकारिणीने करण्यास काय हरकत आहे? घरी जाणाऱ्या भगिनी आपण द्याव्या, तपासणी त्या तरुण डॉक्टराने करावी. तीन महिन्यांनी तो परत जाईल, पण भगिनी येथेच राहतील. आणि त्यांच्या वहीतून पुढचा डॉक्टर शिकेल. सत्काराच्या खर्चातून निम्मी रक्कम या कामास द्यावी, असा ठराव मी मांडीत आहे. काही मंडळींना तो रुचणार नाही, हे मी जाणून आहे.

आणखी एक अप्रिय गोष्ट बोलतो. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला, जमिनींना भाव आला, आणि ज्यांना आपल्या मुलाचे नाव आठवत नाही अशा वृद्धांचे अंगठे कागदावर उमटू लागले. अंगठा धरणारा हात नेहमी परक्याचाच असतो असे नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे करार करतेवेळी माणूस व्यवहार समजून घेण्याइतका शुद्धीवर असावा लागतो. असा प्रसंग दिसला तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जावे. भाऊबंदकीच्या भीतीने गप्प बसू नये.

आजी त्यानंतर सहा वर्षे जगली. तिला न्हाऊ घालणे, भरविणे, रात्री दाराशी आडवे निजणे, हे सारे माझ्या काकीने केले. मी सुटीत येऊन औषधे लिहून देई आणि परत जाई. "तू कधी झोपतेस?" हे मी काकीला सहा वर्षांत एकदाही विचारले नाही.

सभा संपल्यावर मंडपाच्या डाव्या बाजूस मी बसणार आहे. ज्यांच्या घरी असे माणूस असेल त्यांनी नाव, गाव आणि चालू असलेल्या गोळ्यांची नोंद करावी. ज्या भगिनींना घरोघर जाण्याचे काम करावयाचे असेल त्यांच्यासाठी दुसरी वही आहे. त्या वहीत पहिले नाव काकीचे आहे. तिने ते काल रात्री माझ्याकडून लिहून घेतले.